किकर हवाच, पण ड्राफ्टमध्ये कशाला?

फेब्रुवारी २०२४ मध्ये लास व्हेगसला झालेल्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएल या लीगच्या अंतिम सामन्यात, सॅन फ्रान्सिस्को फोर्टी-नाइनर्सचा किकर जेक मूडीने ५५ यार्डांवरून फिल्ड गोल मारला, म्हणजे जमिनीवर टेकवलेला चेंडू लाथेने गोलपोस्टमधून पाठवून तीन गुण मिळवले. सुपर बोलच्या इतिहासातला तो सर्वांत लांबचा गोल ठरला, आणि तो विक्रम जेमतेम अर्धा सामना टिकला. कॅन्सस सिटी चीफ्सच्या हॅरिसन बटकरने ५७ यार्डांवरून मारून तो मोडला. मूडीला त्याच्या संघाने २०२३ च्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजच्या खेळाडूंची पाळीपाळीने होणारी निवड) तिसऱ्या फेरीत, ९९ व्या क्रमांकावर घेतलं होतं. किकरसाठी ही फारच वरची जागा. बटकरला २०१७ मध्ये सातव्या फेरीत, २३३ व्या क्रमांकावर घेतलं ते कॅरोलायना पँथर्सने; पण त्यांच्याकडे ग्रॅहम गॅनो होता, म्हणून बटकरला मुख्य संघातून वगळून सराव पथकात ठेवलं. चीफ्सचा किकर जायबंदी झाला तेव्हा त्यांनी त्याला तिथून उचललं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. बटकरला २०२४ मध्ये चार वर्षांचा २.५६ कोटी डॉलरचा करार मिळाला. मूडीचे त्याच हंगामात ३४ पैकी २४ च गोल झाले, आणि २०२५ च्या पहिल्याच सामन्यानंतर त्याला नारळ मिळाला.

एका सामन्यावरून धोरण ठरत नाही, हे मान्य. पण ड्राफ्टच्या शेवटच्या फेऱ्यांत किकर आणि पंटर (चाल अडली की चेंडू लांब मारून प्रतिस्पर्ध्याकडे धाडणारा) घ्यावेत की नाही, हा वाद दर एप्रिलमध्ये नव्याने पेटतो, आणि दोन्ही बाजू बहुतेकदा चुकीच्या मुद्द्यावर भांडतात. एक बाजू म्हणते, किकर महत्त्वाचा नाही. हे साफ खोटं आहे. बहुतेक मोसमांत लीगमध्ये सर्वाधिक गुण करणारा खेळाडू किकरच असतो. दुसरी बाजू म्हणते, महत्त्वाचा आहे म्हणून घ्या. ही उडी मात्र घाईची. एखादी वस्तू गरजेची असणं आणि ती आत्ता, या दुकानातून, या भावाने घेणं यात बराच फरक असतो. माझं मत असं: पाचव्या फेरीपर्यंत किकर घेऊ नये. सहाव्या-सातव्या फेरीत घ्यायचाच तर त्याच्या अचूकतेसाठी घेऊ नये, फक्त पायाच्या ताकदीसाठी घ्यावा. आणि त्या फेऱ्यांत किकर की पंटर असा प्रश्न पडला तर पंटरकडे झुकावं.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. सात फेऱ्या, ३२ संघ, वर्षाला अडीचशेच्या आसपास खेळाडू. म्हणजे एका संघाच्या वाट्याला साधारण सात-आठ निवडी येतात, आणि कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूंवर हक्क सांगायची तीच संधी. निवडलेल्याला चार वर्षांचा करार मिळतो. ज्यांना कुणीच निवडलं नाही ते ड्राफ्ट संपताच मोकळे होतात आणि हव्या त्या संघाशी तीन वर्षांचा करार करू शकतात. या 'उरलेल्यां'च्या गर्दीतूनच किकरांची अर्धी बिरादरी आलेली आहे. एनएफएलच्या इतिहासात सर्वाधिक गुण करणारा अॅडम व्हिनाटिएरी न निवडलेला. ६६ यार्डांवरून गोल मारणारा जस्टिन टकर न निवडलेला. डॅलसचा ब्रँडन ऑब्री तर व्यावसायिक सॉकर सोडून, एका छोट्या लीगमध्ये खेळून, २८ व्या वर्षी एनएफएलमध्ये आला आणि त्याने पहिल्या ३५ पैकी ३५ गोल मारले.

आता मूळ अडचण. कॉलेजच्या किकरबद्दल एप्रिलमध्ये आपल्याला नेमकं काय माहीत असतं? एका मोसमात तो वीस-पंचवीस फिल्ड गोल मारतो. चार वर्षांत साधारण ऐंशी. समजा त्याची खरी क्षमता ८५ टक्के आहे. ऐंशी किकमध्ये नुसत्या योगायोगानेच त्याचा आकडा चार टक्क्यांनी वर किंवा खाली सरकू शकतो, आणि दर तिघांपैकी एकाच्या बाबतीत तो याहूनही जास्त सरकेल. म्हणजे कागदावर ८८ टक्के दिसणारा आणि ८२ टक्के दिसणारा हे दोघे प्रत्यक्षात सारखेच असू शकतात. पन्नास यार्डांपलीकडच्या किक तर मोसमात तीन-चारच, त्यावरून काही ठरवणं म्हणजे निव्वळ अंदाज. दोन किकरांमधला जो फरक संघाला विकत घ्यायचा आहे, तोच फरक उपलब्ध माहितीत दिसत नाही.

याचं सर्वांत महागडं उदाहरण रॉबर्टो अग्वायो. फ्लोरिडा स्टेटमध्ये ७८ पैकी ६९ फिल्ड गोल, १९८ पैकी १९८ एक्स्ट्रा पॉइंट (चेंडू गोलरेषेपार नेल्यावर मिळणारी एका गुणाची किक), आणि चाळीस यार्डांच्या आत एकही चूक नाही. टॅम्पा बे बकनिअर्सनी २०१६ मध्ये आपली तिसऱ्या आणि चौथ्या फेरीची निवड चीफ्सना देऊन दुसऱ्या फेरीत वर उडी मारली आणि ५९ व्या क्रमांकावर त्याला घेतलं. पहिल्या मोसमात ३१ पैकी २२. पुढच्या ऑगस्टमध्ये सुट्टी. लोक म्हणतात, दबावाखाली कोसळला. असेलही. पण त्याचेच कॉलेजचे आकडे जरा उलगडून पाहा: चाळीस यार्डांपलीकडे २९ पैकी २०. म्हणजे ६९ टक्के. शिवाय कॉलेजात एक्स्ट्रा पॉइंट वीस यार्डांचा असतो, एनएफएलमध्ये २०१५ पासून तो ३३ यार्डांचा झाला आहे. १९८ पैकी १९८ हा आकडा ज्या अंतरावरून आला, ते अंतर त्याच्या नव्या नोकरीत शिल्लकच नव्हतं.

मैदानही बदलतं. मैदानावरच्या हॅश मार्कच्या (प्रत्येक चाल ज्यांच्या दरम्यान सुरू होते त्या खुणांच्या) दोन रांगा कॉलेजात ४० फूट अंतरावर असतात, एनएफएलमध्ये १८ फूट ६ इंचांवर, म्हणजे बरोबर गोलपोस्टच्या रुंदीइतक्या. कॉलेजचा किकर कडेच्या तिरक्या कोनातून बऱ्याच किक मारतो, एनएफएलमध्ये जवळजवळ सरळ मारतो. यामुळे काहींचे कॉलेजचे आकडे उगाच वाईट दिसतात. इंडियानापोलिसच्या चाचणी शिबिरात किक मारायच्या त्या बंदिस्त छताखाली, वारा नाही, समोरून धावून येणारे अकरा जण नाहीत. तिथून घेतलेला माणूस डिसेंबरमध्ये बफेलोत किंवा ग्रीन बेमध्ये कडाक्याच्या थंडीत उभा करायचा.

आणि मुळात फिल्ड गोल हे एकट्याचं काम नाहीच. स्नॅपर दोन पायांमधून सात-आठ यार्ड मागे चेंडू फेकतो, होल्डर तो झेलून जमिनीवर टेकवतो, शिवण गोलपोस्टकडे फिरवतो, आणि चेंडूला किंचित स्वतःकडे झुकवून एका बोटाने धरतो. स्नॅपपासून किकपर्यंत सव्वा ते १.३ सेकंद. याहून उशीर झाला तर किक अडवली जाते. स्नॅप अर्धा फूट वर आला की होल्डरचा हात उशिरा खाली येतो. किकर तोवर निघालेला असतो, तो पाऊल आखडतो, टेकवायचा पाय चेंडूच्या फार मागे पडतो आणि चेंडू कडेला निघून जातो. शिवण किकरकडे राहिली तर पाय उंचवट्यावर बसतो आणि चेंडू हवेत भरकटतो. टीव्हीवर दिसतं ते एवढंच: किकर चुकला. कॉलेजच्या नोंदीतही तेवढंच लिहिलं जातं. म्हणजे आपण त्या तिघांच्या कामगिरीचा आकडा घेऊन त्यातल्या एकालाच निवडत असतो. उरलेले दोघे कॉलेजातच राहतात. किकरची खरी पारख करायची तर प्रत्येक चुकीचा व्हिडिओ थांबवून बघावा लागतो: स्नॅप कुठे आला, शिवण कुठे होती, टेकवलेला पाय कुठे पडला. एकाच बाजूला आणि एकाच कारणाने चुकणारा किकर दुरुस्त करता येतो. कधी डावीकडे, कधी उजवीकडे चुकणाऱ्याचं काय करायचं, हे प्रशिक्षकालाही कळत नाही.

आता दुसरा मुद्दा, जो मला सर्वांत वजनदार वाटतो. ड्राफ्टमध्ये घेतलेला किकर संघाच्या डोक्यावर बसतो. त्याच्यासाठी निवड खर्चलेली असते, जनरल मॅनेजरचं नाव त्यात गुंतलेलं असतं, त्यामुळे शिबिरात दुसरा किकर आणून खरी स्पर्धा लावायला कुणी तयार नसतं. मूडीचा २०२४ चा मोसम घसरत असताना तो न निवडलेला किकर असता तर इतके आठवडे टिकला असता का? माझ्या मते नाही. उलट टोकाची चूकही याच दुखण्यातून होते. मिनेसोटा व्हायकिंग्जनी २०१८ मध्ये डॅनियल कार्लसनला पाचव्या फेरीत, १६७ व्या क्रमांकावर घेतलं. दुसऱ्याच सामन्यात ग्रीन बेमध्ये तो तीनदा चुकला, त्यातले दोन जादा वेळेत. सामना २९-२९ असा बरोबरीत सुटला आणि दुसऱ्या दिवशी त्याला काढलं. त्याच मोसमात रेडर्सकडे जाऊन त्याने १७ पैकी १६ मारले. ड्राफ्टमधल्या निवडीकडून लोक चमत्काराची अपेक्षा करतात; चमत्कार झाला नाही की एक तर हट्टाने धरून ठेवतात, नाही तर रागाने फेकून देतात. चार किकवरून कुणाचीच किंमत कळत नाही, हे दोन्ही वेळा विसरलं जातं.

शिवाय हरलेल्या किकरचा दुसरा काही उपयोग नाही. पाचव्या फेरीत घेतलेला लाइनबॅकर बचावात जागा मिळवू शकला नाही, तरी किकऑफ (खेळ सुरू करायची किक) आणि पंटच्या वेळी धावायला कामाला येतो. ५३ जणांच्या संघात तो जागा अडवतो, पण फुकट नाही. दोन किकर मात्र कुणी ठेवत नाही. हरलेल्याला सराव पथकात टाकायचं तर आधी तो सगळ्या संघांपुढे खुला होतो, आणि पथकात टिकला तरी कुठलाही संघ त्याला तिथून आपल्या मुख्य संघात नेऊ शकतो. पँथर्सचं बटकरच्या बाबतीत हेच झालं. २३३ वी निवड खर्चून त्यांनी लीगमधल्या एका उत्तम किकरला शोधून काढलं, ते चीफ्ससाठी.

न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा हिशेब तर एखाद्या प्रयोगासारखा आहे, कारण तिथे वीसहून अधिक वर्षं निवड करणारा माणूस एकच होता, बिल बेलिचिक, आणि विशेष संघांची (किक आणि पंटच्या वेळी उतरणाऱ्या खेळाडूंची) त्याच्याइतकी जाण असलेला मुख्य प्रशिक्षक दुसरा दाखवता येणार नाही. २००६ मध्ये चौथ्या फेरीत स्टीव्हन गॉस्टकाउस्की घेतला, सोनं निघालं. २०२० मध्ये पाचव्या फेरीत जस्टिन रोहरवॉसर घेतला, त्याने नियमित मोसमाचा एकही सामना खेळला नाही. जागा गेली जुन्याजाणत्या निक फोककडे. २०२३ मध्ये चौथ्या फेरीत, ११२ व्या क्रमांकावर, चॅड रायलंड: २५ पैकी १६, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये बाहेर. त्याच ड्राफ्टमध्ये १७७ व्या क्रमांकावर रॅम्सना पुका नकुआ मिळाला, ज्याने पहिल्याच मोसमात नवोदित रिसीव्हरचे (पास झेलणाऱ्याचे) विक्रम मोडले. बेलिचिकला जे तीनपैकी एकदा जमलं, ते बाकीच्यांना अधिक वेळा जमेल असं मानायला आधार नाही.

विरोधी बाजूचा एक युक्तिवाद मात्र दमदार आहे आणि तो झटकून टाकता येत नाही: शेवटच्या फेऱ्यांतले बहुतेक खेळाडू असेही टिकत नाहीत, मग किकर घेतला तर बिघडलं काय? सातव्या फेरीबद्दल हे जवळजवळ खरं आहे. पण पाचव्या फेरीबद्दल नाही. पुढे नावाजलेले दोघे पाहा: जॉर्ज किटल पाचव्या फेरीत १४६ वा होता, जेसन केल्सी सहाव्यात १९१ वा. आणि २०२२ मध्ये ड्राफ्टचा अगदी शेवटचा, २६२ वा खेळाडू ब्रॉक पर्डी पुढे क्वार्टरबॅक (पास फेकणारा, चालींचा सूत्रधार) म्हणून सुपर बोलपर्यंत गेला. असे खेळाडू क्वचितच सापडतात, पण सापडले की पैसा वसूल होतो. किकरमध्ये वरची कमाल मर्यादा ठरलेली आहे. मोसमात संघ साधारण ३२ फिल्ड गोल मारायला जातो. तुमचा किकर शेजाऱ्याहून तीन टक्के चांगला असेल तर वर्षाला एक गोल जास्त, म्हणजे तीन गुण. एक सामना जिंकण्याची ढोबळ किंमत मोसमभरातल्या ३५ गुणांच्या आसपास धरतात. हिशेब तुम्हीच करा. अगदी दहा टक्के सरस असला तरी नऊ-दहा गुण.

"चार वर्षं स्वस्तात मिळतो" हेही ऐकू येतं. सहाव्या फेरीतल्या किकरचा पगार जवळजवळ किमान वेतनाइतकाच असतो आणि न निवडलेल्याचाही तेवढाच. फरक फक्त चौथ्या वर्षाचा. तीन वर्षांनंतरही न निवडलेल्या खेळाडूवर संघाचा मर्यादित हक्क राहतोच, दुसऱ्याच्या प्रस्तावाशी बरोबरी करून त्याला ठेवता येतं. एवढ्याशा फायद्यासाठी निवड कशाला घालवायची?

उलट ड्राफ्टनंतरचा बाजार किकरच्या बाबतीत गरजू संघाच्या बाजूने झुकलेला असतो. न निवडलेला रिसीव्हर जादा बोनस देणाऱ्याकडे जातो. न निवडलेला किकर मात्र जिथे जागा रिकामी आहे तिथेच जाणार, कारण लीगमध्ये नोकऱ्याच मुळी ३२. ज्याच्याकडे बटकर किंवा ऑब्री बसलेला आहे, तिकडे जाऊन तो काय करील? म्हणजे ज्या संघाला किकरची सर्वांत जास्त गरज आहे, त्याच्याकडे किकर स्वतःहून चालत येतो. ज्याची निवड टाळूनही बहुधा तो मिळणार आहे, त्याच्यावर निवड खर्चायची, हा व्यवहार मला कधीच पटला नाही. एखाद-दुसरा किकर हातचा निसटेल. पण पहिल्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या किकरमधला फरक कुणाला ओळखता येत नाही हे एकदा मान्य केलं, की निसटण्याची भीती उरत नाही.

मग सहाव्या फेरीत तरी का घ्यायचा? कारण एक गोष्ट मोजता येते: पाय. २०२५ पासून किकचे चेंडू संघांना आधीच ताब्यात घेऊन मळून मऊ करून ठेवायची मुभा मिळाली. त्याआधी ते सामन्याच्या दिवशीच हाती यायचे. साठ यार्डांच्या आसपासच्या किक आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. फिल्ड गोलचं अंतर म्हणजे चेंडू जिथे आहे ते अंतर अधिक १७ यार्ड. प्रतिस्पर्ध्याच्या चाळिसाव्या यार्डावर चाल अडली तर किक ५७ ची. ज्याचा किकर तिथून भरवशाचा, त्याच्या क्वार्टरबॅकला शेवटच्या मिनिटात दोन पास कमी फेकावे लागतात. ही ताकद दाखवायला ऐंशी किक लागत नाहीत. किकऑफचे व्हिडिओ, पाय लागताच चेंडूचा वेग, आणि स्क्रिमेज रेषेवर (जिथून चाल सुरू होते तिथे) चेंडू किती उंचीवरून जातो, एवढं पुरतं. लांबच्या किकमध्ये चेंडू खालून गेला की अडवणाऱ्यांचे हात पोचतात. जॅक्सनव्हिल जॅग्वार्सनी २०२४ मध्ये कॅम लिटलला सहाव्या फेरीत, २१२ व्या क्रमांकावर घेतलं आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने ६८ यार्डांचा गोल मारून टकरचा विक्रम मोडला. असा सौदा मला मान्य आहे. २००० मध्ये रेडर्सनी सबॅस्टियन जॅनिकाउस्कीचा असाच पाय बघून पहिल्या फेरीत १७ वी निवड दिली, तो मान्य नाही, जरी तो माणूस त्या संघाकडून २०१६ च्या मोसमापर्यंत खेळला. दोनच जागा मागे सिअॅटलला शॉन अलेक्झांडर मिळाला, जो पुढे लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

त्याच रेडर्सनी त्याच ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत १४२ व्या क्रमांकावर पंटर शेन लेक्लर घेतला. तो अठरा मोसम खेळला. पंटरबद्दल मी किकरहून उदार आहे, आणि त्याचं कारण मोजमापात आहे. किकरचा निकाल हो किंवा नाही. पंटरच्या प्रत्येक फटक्याचे मात्र आकडे मिळतात: यार्ड, हवेतला वेळ, चेंडू सीमारेषेपासून किती आत पडला. ४५ यार्ड आणि साडेचार सेकंद असा पंट परतवणं अवघड, कारण तोवर कडेचे धावपटू खाली पोचलेले असतात. ५५ यार्ड आणि चार सेकंद दिसायला झकास, पण परतवणाऱ्याला मोकळं मैदान. मोसमात साठेक पंट आणि प्रत्येकाची दोन-तीन मोजमापं, म्हणजे तेवढ्याच खेळातून कितीतरी जास्त माहिती. त्यात पंटरांची पैदास आता पद्धतशीर झाली आहे. मेलबर्नच्या प्रोकिक ऑस्ट्रेलियासारख्या संस्थेतून शिकलेली मुलं अमेरिकी कॉलेजांत येतात. चेंडू उलटा फिरवून गोलरेषेच्या अलीकडे थांबवायचा, धावता धावता मारायचा, हे त्यांना ऑस्ट्रेलियन फुटबॉलमुळे अवगत असतं. सिअॅटलने २०१८ मध्ये पाचव्या फेरीत मायकेल डिक्सन घेतला, तो पहिल्याच वर्षी ऑल-प्रो झाला, म्हणजे मोसमाच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला.

किंमत तरीही आटोक्यात ठेवायची. मैदानावरच्या एका यार्डाची किंमत ढोबळमानाने ०.०६ ते ०.०७ गुण. तीन यार्डांनी सरस पंटर साठ पंटमध्ये १८० यार्ड मिळवतो, म्हणजे अकरा-बारा गुण. सहाव्या फेरीच्या मानाने उत्तम, तिसऱ्या फेरीच्या मानाने वेडेपणा. जॅक्सनव्हिलने २०१२ मध्ये पंटर ब्रायन अँगरला तिसऱ्या फेरीत ७० व्या क्रमांकावर घेतलं; ७५ व्या क्रमांकावर सिअॅटलने पुढे सुपर बोल जिंकून देणारा क्वार्टरबॅक रसेल विल्सन नेला. आणि न निवडलेले इथेही आहेतच. जॉनी हेकर, एजे कोल, आणि २०२२ मध्ये ५३.१ यार्डांच्या सरासरीने सॅमी बॉचा १९४० चा विक्रम मोडणारा टेनेसीचा रायन स्टोनहाउस, तिघेही.

पंटर निवडताना एक गोष्ट लोक हमखास विसरतात: बहुतेक संघांत होल्डर तोच असतो. डिसेंबर २०२३ मध्ये कोल्ट्सविरुद्ध एक पंट अडवला गेला आणि त्यात स्टोनहाउसचा पाय जायबंदी झाला. पुढे टेनेसीने २५-२५ अशी बरोबरी साधली. एक्स्ट्रा पॉइंटसाठी चेंडू धरायला रायन टॅनेहिल बसला, जो क्वार्टरबॅक. धरणं फसलं, निक फोकची किक गेली, आणि जादा वेळेत सामना ३१-२८ ने गेला. म्हणून पंटरची चाचणी घेताना त्याला पन्नास चेंडू नुसते धरायला लावावेत: ओले, खाली आलेले, डावीकडे गेलेले. १.३ सेकंदांत शिवण पुढे फिरली का, एवढंच बघायचं. ज्याला हे जमत नाही, त्याच्यासाठी सहावी फेरीसुद्धा महाग. आणि संघात दुसरा होल्डर कोण, हे ऑगस्टमध्येच ठरवून त्याच्याकडून रोज दहा चेंडू धरून घ्यायला निवड लागत नाही, पैसाही लागत नाही.